उलट्या गावाच्या वाटेवर

मी एक जुनी घरगाडी आहे, मित्रांनो, आणि मला माणसांची शिसारी येते.

आत्मवृत्त असं सुरू करू नये, हे मला ठाऊक आहे. आधी जन्म सांगावा, मग कष्ट, मग म्हातारपण, आणि शेवटी ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणावं. तुमच्या डोळ्यांत पाणी मीही आणणार आहे. फक्त ते वासाने येईल.

आणखी एक. माझं अंग एकसंध नाही. काचेने पाहिलेलं पोटाला माहीत नसतं, आणि पोटात जे साठतं त्याच्याकडे काच कधी बघत नाही. म्हणून मी तुकड्यातुकड्यांनी बोलते. ज्या तुकड्याला जे ठाऊक, ते त्याने सांगावं.

सांगाडा

इंडियानातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. लोखंडी सांगाड्यावर लाकडी चौकट, तिच्यावर पत्रा, आत नारिंगी पडदे. बाया रेडिओ ऐकत खिळे ठोकत होत्या. एकीने तोंडातला च्युइंग गमचा गोळा काढला आणि माझ्या ओट्याच्या खालच्या बाजूला चिकटवला. माणसाच्या स्पर्शाची ती माझी पहिली आठवण. गोळा अजून तिथेच आहे. दगड झालाय.

मग माझा फोटो काढला. दारात हसरं कुटुंब, हातात मक्याची कणसं, मागे निळं आकाश. माझ्या पोटाखाली एक काळी टाकी बसवली होती. संडासातून जे खाली पडतं ते तिच्यात साठतं, आणि ते दर थोड्या दिवसांनी कुणाला तरी रिकामं करावं लागतं. तिचा फोटो कुणी काढला नाही. चालत्या घरात संडास आहे म्हटल्यावर माणसं खूश होतात. त्याच्या पुढचं त्यांना काही ऐकायचं नसतं.

काच

एल्डन आणि व्हर्ना नेब्रास्काचे. एल्डन रेल्वेत सिग्नलचं काम करायचा. निवृत्त झाल्यावर त्याने मला घेतलं, आणि बर्फ पडायच्या आधी दोघं मला घेऊन ॲरिझोनाच्या वाळवंटात उतरू लागली. दर हिवाळ्यात. समोरच्या काचेतून मी काय काय पाहिलं, मित्रांनो! लाल डोंगर, हात वर करून उभे असलेले उंच निवडुंग, संध्याकाळी जांभळी होत जाणारी वाळू. घरगाड्यांच्या तळावरची माणसं माझ्याभोवती फिरून म्हणायची, "एल्डन, ही तर शंभर वर्षं चालेल रे."

मात्र टाकी रिकामी करायचं काम एकट्या एल्डनचं. तो हातमोजे घालायचा, शीळ घालत गुडघ्यांवर बसायचा, जाड नळी जोडायचा आणि झडपेचा दांडा ओढायचा. व्हर्ना त्या वेळी दूर एखाद्या दगडावर बसून दुसरीकडे बघायची. त्या दिवशी त्याचं जेवण बाहेर, माझ्या पायरीवर.

"त्या हातांनी माझ्या मीठदाणीला शिवायचं नाही," ती दारातून सांगायची.

"मोजे होते ना हातात, व्हर्ना."

"मग मोज्यांना वाढते. तू थांब."

तो हसायचा आणि पायरीवर बसून जेवायचा. मला तेव्हाही ती आवडली नव्हती. टाकीत काय फक्त एल्डनचं होतं?

पडदे

एल्डन गेला. मुलगा टॉड मला आपल्या घरी घेऊन गेला आणि गॅरेजमागे उभी करून विसरला. कागद त्याच्याच नावावर केले होते. दोन हिवाळे मी तिथे होते. माझ्या नारिंगी पडद्यांवर उंदीर झोपले, व्याले, मुतले. शेगडीच्या आतल्या कापसात त्यांची पिल्लं मेली आणि तिथेच सुकली. छतावरची वास बाहेर सोडणारी नळी एका पाखराने घरटं करून बुजवली. टॉडची मुलं आत येऊन सिगरेटी ओढायची आणि थोटकं सिंकमध्ये टाकायची.

टॉड स्वतः आत येत नसे. तो दातांच्या दवाखान्यांना खुर्च्या विकतो. त्याच्या कमरेला हात धुवायच्या पातळ औषधाची बाटली लटकत असते. कशालाही हात लावला की पिचिक.

मला विकायचं त्याने ठरवलं तेव्हा व्हर्ना आडवी आली.

"मी हिवाळा तिच्यात काढणार. तुझ्या तळघरातल्या खोलीत नाही."

"मॉम, तू अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहेस."

"म्हणूनच. सतरा वर्षांची असते तर आणखी वाट पाहिली असती."

टॉडने विचार केला. वाळवंटात जुन्या महामार्गावर बड नावाच्या माणसाने एक गंमत उभारली आहे. लोक तिला 'उलटं गाव' म्हणतात. वीसेक जुन्या घरगाड्या नाकाने वाळूत उभ्या पुरलेल्या, मागची चाकं आकाशात. येणारेजाणारे पैसे देऊन त्यांच्यावर रंग फवारतात. बडला आणखी एक गाडी हवी होती.

"ठीक," टॉड म्हणाला. "उलट्या गावापर्यंत जाऊ. मी नुसता बसणार. चालवणं, पाणी भरणं, वीज जोडणं, आणि ते… ते खालचंसुद्धा, सगळं तू करायचं. मला एकदाही बोट उचलावं लागलं नाही, तर गाडी तुझी. उचलावं लागलं, तर बडची."

"शब्द?"

"शब्द."

त्याने हात पुढे केला. तिने दाबला. त्याने हात औषधाने धुतला. पिचिक.

आता तुम्हाला कळलं ना, मित्रांनो? त्या बाईचा हिवाळा आणि माझं नाक, दोन्ही एका टाकीवर टांगलं होतं. आणि ज्या बाईने ती टाकी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती, तिच्यावर.

चाकं

ती चालवायची मात्र छान. उशी घेऊन उंच बसायची आणि ट्रकवाल्यांना शिव्या घालायची. टॉड शेजारी पट्टा आवळून.

पहिला थांबा सिमेंटच्या सापाचा. रस्त्याकाठी कुणीतरी एक खुळखुळ्या साप बांधला होता, मालगाडीएवढा लांब. जबड्यातून आत शिरायचं, अंधाऱ्या पोटातून चालत जायचं आणि शेपटीतून थेट दुकानात निघायचं. माणसांनी त्या पोटात काय केलं असेल? जे माणसं प्रत्येक अंधाऱ्या जागी करतात तेच. दोघं बाहेर आली तेव्हा त्यांचे बूट मला माझ्या पायरीवर नको होते.

"कशाला हात लावला नाहीस ना, मॉम?"

"सापाला लावला. बिचारा आतून ओला आहे."

दुकानातून तिने एक चोखायची गोळी आणली होती. पिवळी, पारदर्शक, आत खराखुरा विंचू. ती गाडी चालवता चालवता चोखत राहिली. विंचवाची नांगी जिभेला टोचू लागली तेव्हा तिने गोळी तोंडातून काढून माझ्या काचेखाली चिकटवली. तिथे ती ऊन खात वितळली. विंचू हळूहळू माझ्या वेगाच्या काट्याकडे सरकत होता. कारखान्यातल्या त्या बाईची मला आठवण झाली. सगळ्या सारख्याच.

पोट

संध्याकाळी आम्ही एका तळावर उतरलो. तिथे चार दिवस मुक्काम होता. अशा तळांवर जमिनीत मोरी असते. नळी जोडली की टाकी थेट तिच्यात रिकामी करता येते. व्हर्नाने एल्डनचे मोजे घातले. मान वळवून, डोळे मिटून, तिने नळी जोडली. पहिल्या खेपेला! मग झडप ओढली.

आणि ओढलेलीच ठेवली.

"झालं," ती टॉडला म्हणाली. "घरच्यासारखं. आता रोज उठून बघायला नको."

टॉडने नुसते खांदे उडवले. त्यालाही काही कळत नव्हतं.

मी ओरडत होते, मित्रांनो. पण घरगाडीला ओरडायला फक्त भोंगा असतो आणि तो माणसाच्या हातात असतो. घराची मोरी उघडी असते, कारण घर उतारावर पाणी सोडतं. माझी टाकी सपाट असते. झडप बंद ठेवायची, भरू द्यायची, मग एकदम उघडायची, म्हणजे सगळं मिळून वाहून जातं. उघडी ठेवली तर पाणी तेवढं निघून जातं. जे जायला हवं ते मागे राहतं, संडासाच्या अगदी खाली. त्याच्यावर उद्याचं. त्याच्यावर परवाचं. आणि वरून वाळवंटाचा उन्हाळा; ऑक्टोबर आला तरी तिथे तो हलत नाही. इथले लोक मातीत गवत मिसळून उन्हात विटा वाळवतात आणि त्या विटांची घरं शंभर वर्षं टिकतात.

माझ्या पोटात तशीच एक भिंत उभी राहू लागली. दोघं मिळून बांधत होती. सकाळ-संध्याकाळ.

पोट, पुन्हा

(आत्ता बोलता येत नाही.)

दार

चौथ्या दिवशी झडप लावून, नळी काढून आम्ही तळ सोडला आणि वाटेत सशांचं संग्रहालय पाहायला थांबलो. एका म्हाताऱ्याने मेलेले ससे पेंढा भरून, कपडे घालून मांडले होते. सशांचं लग्न. सशांची शाळा. सशांचा दवाखाना, त्यात ससा डॉक्टर सशाचा दात उपटतोय. त्या खुर्चीपाशी टॉड बराच वेळ उभा राहिला म्हणे. नवरीच्या एका डोळ्यातून किडे पडत होते.

तो परत आला तो थेट माझ्या संडासात गेला. दार लागलं. दार उघडलं.

"मॉम! मॉम, हे वर आलंय!"

"काय वर आलंय?"

"मी ते तोंडाने सांगणार नाही!"

व्हर्ना आली, वाकली आणि सरळ झाली. तोंडावर हात दाबून ती पायरीपर्यंत पोचली आणि तिथे बसली. एल्डन बसायचा तिथेच.

"संपलं, मॉम," टॉड बाहेर उभा राहून म्हणाला. "हरलीस तू."

"तू बोट उचललंस का?"

"मी मेलो तरी उचलणार नाही!"

"मग मी कुठे हरले?"

खिडकी

पुढच्या वळणावर एक पायचं दुकान होतं. चालायचे पाय नव्हेत; गोड सारण भरून भट्टीत भाजतात तो इथला पदार्थ. माझ्यासारख्या घरगाड्या दारात ओळीने उभ्या होत्या. व्हर्ना आत गेली. माझी बाजूची खिडकी उघडी होती आणि दुकानाचीही. तिने काउंटरवरच्या ग्लेंडा नावाच्या बाईला हळूच काहीतरी विचारलं. ग्लेंडाला हळू बोलता येत नव्हतं.

"झडप उघडी ठेवली होतीस का गं?"

"घरी उघडीच असते की!"

सगळं दुकान हसायला लागलं. सफरचंदाच्या पायमध्ये काटे खुपसलेले म्हातारे खुर्च्या वळवून बसले.

"पिरॅमिड! हिचा पिरॅमिड झालाय!"

"आमचा तीन वर्षांपूर्वी झाला होता. माझ्या हॅरिएटने काठीने ढोसला. काठी अजून आतच आहे."

"बर्फ टाक, बाई. दोन पोती बर्फ."

"काही नको बर्फबिर्फ. काठोकाठ पाणी भर, कपड्यांचा साबण ओत आणि खाणीच्या जुन्या रस्त्याने ने. त्या खडखड्यावर तुझे दातसुद्धा सुटतील."

"ग्लेंडा, मला आणखी एक तुकडा. चॉकलेटचा."

चॉकलेटचा! हे सगळं ऐकल्यावर! माणसाच्या जातीबद्दल मला आणखी काही सांगायचं नाही.

इकडे टॉड माझ्या सावलीत उभा राहून फोनवर बोलत होता. व्हर्ना बाहेर आली, पण माझ्या मागच्या बाजूने. त्याला ती दिसली नाही. मला दिसली.

"हो बड, आजच. तिला जमो नाहीतर न जमो, गाडी घेऊनच जा तू. कागद माझ्या नावावर आहेत… रडेल थोडी. मग विसरेल. विसरतेच ती हल्ली."

व्हर्ना माझ्या मागे टांगलेल्या जादा चाकाला टेकून उभी होती, हातात पायचा डबा. ती रडली नाही. तिने वाकून माझ्या पोटाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग पाय आपटत, मोठ्याने खोकत ती पुढे आली.

"टॉडी, राजा, पाय खाणार?"

"नको."

"बरं. जरा साबण घेऊन येते."

पोट, नाइलाजाने

तिने मला काठोकाठ भरलं. बादलीवर बादली, त्यात गुलाबाच्या वासाचा साबण. आणि खाणीच्या रस्त्यावर घातलं. त्या रस्त्यावर आडव्या वळ्या आहेत, धुणं घासायच्या फळीसारख्या. चाकांनी एक वळी उतरावी तर दुसरी. कपाटं उघडली, ताटल्या पडल्या, मेलेली पिल्लं शेगडीतून सुटून टॉडच्या मांडीवर आली. आणि माझ्या आत… आधी कडा सुटल्या. मग टोक. मग ती अख्खी भिंत डुचमळत्या पाण्यात हळूहळू विरघळली, गुलाबासकट. गुलाबाचा वास मी त्या दिवसापासून सहन करू शकत नाही.

महामार्ग लागला. पुढे एका पेट्रोल पंपावर टाकी रिकामी करायची जागा होती. मोठी पाटी, मोरी, पाण्याचा नळ, सगळं.

"मॉम, इथे. इथे थांब. रिकामी कर."

व्हर्ना सरळ पुढे गेली.

"मॉम! चुकलं!"

"नाही, राजा."

पायरी

उलटं गाव आलं. सगळ्या गाड्या नाकाने पुरलेल्या, ढुंगणं वर. कुणाच्या पत्र्यावर बदाम, कुणाच्या पत्र्यावर शिव्या. रंगाचे रिकामे डबे गुडघाभर साठलेले. मोडक्या दारांतून आत काय केलं जातं ते सापाच्या पोटाने तुम्हाला सांगितलंच आहे. एक नवरानवरी त्यांच्यासमोर फोटो काढून घेत होते. नवरी हसत होती आणि तिचा झगा कशाततरी भिजत होता. त्या गाड्यांकडे माझ्याने बघवेना. मधोमध एक खड्डा नवा खणलेला होता. माझ्या मापाचा.

बड गुलाबी टोपी घालून, दातात काडी धरून आला.

"हीच का? छान. आतून बघतो."

"या ना," व्हर्ना गोड आवाजात म्हणाली. "कॉफी टाकते. ऊन फार आहे, खिडक्या लावून घेते."

तिने खिडक्या लावल्या. मागचा झरोका लावला. मग बटाट्याचं पोतं सरकवल्यासारखं करत ती संडासात गेली. तिथे खाली पायाने दाबायचा दांडा असतो. तो दाबला की भांड्याची झाकणी उघडते आणि थेट टाकी दिसते. तिने दांड्यावर घेवड्याचा मोठा डबा ठेवला. झाकणी उघडी राहिली. दार अर्धं लोटून ती बाहेर आली आणि बडला दाराशेजारच्या बाकावर बसवलं. वर नळी पाखराने बुजवलेली. बाहेर भर दुपार. पोटात चार दिवस, ढवळून एकजीव केलेले.

मी माझं काम केलं.

बडच्या तोंडातली काडी थांबली. त्याने एकदा टोपीने वारा घेतला. मग टोपी नाकावर धरली.

"काय… काय मेलंय इथे?"

"माझा नवरा. दोन वर्षांपूर्वी," व्हर्ना म्हणाली. "पण हा वास त्याचा नाही. हा माझा आणि ह्या मुलाचा. दूध घेता?"

"ती रिकामी करेल ना टाकी!" टॉड पायरीवरून ओरडला. त्याने शर्ट तोंडावर ओढला होता. "धुतली की जाईल वास!"

"लाकडात मुरतो हो," व्हर्नाने उसासा टाकला. "गाद्यांतसुद्धा. तुम्ही बसलात ना, त्या गादीत जास्तच."

बड उठला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माझ्याकडे पोरंबाळं येतात, बाई. बड्डे असतात. ही मी पुरली तर गाव बंद पडेल. न्या हिला. आत्ता न्या." तो दारातून निघाला तो धावतच. टॉड त्याच्यामागे गेला, "बड, ऐक तर!" म्हणत, आणि एका पुरलेल्या गाडीपाशी पोचल्यावर गुडघ्यांवर हात ठेवून ओकला. गावाचं नाव काही उगाच पडलेलं नाही.

व्हर्नाने डबा काढला, खिडक्या उघडल्या आणि भोंगा वाजवला. टॉड परत आला. चेहरा हिरवा.

"तू मुद्दाम केलंस."

"हो."

"शी, मॉम."

"मी नुसतं भांडं उघडं ठेवलं. तू शब्द दिला होतास आणि फोन केलास. त्याचा वास मला पायचा डबा हातात असताना आला."

टॉडचा हात बाटलीकडे गेला, पण त्याने ती दाबली नाही.

"मी दुसरं गिऱ्हाईक शोधीन," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"शोध की. तोवर मी परत भरून ठेवते."

झडप

मग ती पेट्रोल पंपावर परत आली. मोजे घातले, गुडघ्यांवर बसली आणि ह्या खेपेला डोळे उघडे ठेवून नळी जोडली. दांडा ओढला. जे आलं त्याचं वर्णन मी करणार नाही. तुम्ही कदाचित जेवायला बसणार असाल. व्हर्नाला ओकारी आली. ती एका बाजूला वळली आणि स्वतःच्याच बुटांवर ओकली. पण तिचा एक हात नळीवर होता. तो तिने काढला नाही. टॉड जवळ आला तेव्हा ती कोपराने त्याला ढकलत म्हणाली, "लांब हो. बोट लावायचं नाही, ठरलंय." तो लांब झाला नाही. पाण्याचा नळ धरून तिचे बूट धुवत उभा राहिला.

आता मी वाळवंटात आहे. हिवाळा लागलाय. माझ्यात सगळे वास अजून आहेत, थोडे थोडे. काचेखालचा विंचू कुणीही खरवडून काढलेला नाही. माणसांबद्दल माझं मत बदललेलं नाही. ती घाण करतात, ती लपवतात आणि ती उचलणाऱ्याला बाहेर जेवायला बसवतात.

पण मित्रांनो, माझ्या रंगावर, पडद्यांवर, काचेतून दिसणाऱ्या डोंगरांवर प्रेम करणारे मला पुष्कळ भेटले. त्यांतलं पोटाखाली कुणी वाकलं नाही. तुमच्या घरीही काही म्हातारं असेल, गाडी असेल, गाय असेल, नाहीतर माणूस असेल, जे आता गळतं, ज्याला वास येतो. त्याला मागच्या खोलीत उभं करून विसरू नका. त्याचे गोड फोटो काढत बसू नका. वाका. ओकारी आली तर येऊ द्या. नाक दाबून वाकलात तरी चालेल, पण हात काढू नका.